मिरा रोडला लोकलचा फोटो

नया नगर मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असतो. पाठीशी असणारा तो एकटाच. बाकी सगळी वस्ती अप गाडी पकडायला निघालेली असते आणि तिच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस तिच्या लेखी रिकामटेकडा ठरतो.

मिरा रोडवरून जाणारा हा लोहमार्ग मूळचा बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. रूळ सुरतेकडून येत १८६४ मध्ये मुंबईला पोहोचले आणि एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईतल्या बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी धावू लागली. या मार्गावरची गाडी मुळात आपलीच, ही विरारकरांची समजूत तेव्हापासूनची असावी. १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोहोचली. पुढे रंगही बदलले: पिवळा-तपकिरी डबा गेला, पांढरा-जांभळा आला. २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे तिचा फोटो स्वच्छ येतो आणि लोकलचा वाटत नाही.

इतिहास एवढा असला तरी तो पाहायला आधी तिकीट लागते. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचे आणि नायगावपर्यंत प्रवासाचे तिकीट पाच रुपयांचे. म्हणजे नुसते उभे राहणे प्रवासाच्या दुप्पट महाग. जाणकार छायाचित्रकार नायगावचे तिकीट काढतो आणि हिशेब जुळवण्यासाठी खरोखरच नायगावला जातो.

फलाटावर मुख्य अडचण गाडी दिसण्याची. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते, पण गर्दीच्या वेळी तिचा दिसणारा भाग म्हणजे चालकाची काच आणि टपावरचा पेंटोग्राफ. मधल्या भागात माणसेच असतात. विरार फास्ट आली की दारातले लोक आधी कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवतात आणि मग मिरा रोडच्या प्रवाशाला उतरू द्यायचे की नाही यावर चर्चा करतात. राजधानी आणि वंदे भारत येथे थांबत नाहीत. त्यांच्या फोटोत बहुधा शेवटचा डबा, उडालेली धूळ आणि समोर अचानक आलेल्या काकांची पिशवी येते.

रूळ ओलांडून जवळून फोटो घेण्याचा मोह आवरावा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांवर जाणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. छायाचित्रकारांच्या भाषेत या गुन्ह्याला ‘वेगळा अँगल’ असे म्हणतात.

नायगावच्या गाडीने भाईंदर सोडले की मिठागरे, खारफुटी आणि मग वसईची खाडी येते. पुलाचे दोन भाग आहेत, मध्ये पाणजू बेट. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिथला किल्ला घेतला, ती हीच वसई. पण लेन्सच्या दृष्टीने इथली मुख्य ऐतिहासिक घटना म्हणजे निर्माल्य. पाणी चमकत असते, खिडकीच्या गजांतून नेमकी चौकट जुळते, आणि तेवढ्यात पुढच्या डब्यातून झेंडूने फुगलेली निळी प्लास्टिकची पिशवी चौकटीच्या मधोमध उडत जाते. फेकणारा मनोभावे हात जोडतो. छायाचित्रकारही जोडतो, पण त्याचा भाव वेगळा असतो. पिशवी टाळायची तर खाडीकडे तोंड करून दारात लटकणे हा उपाय सुचतो. तोही कायद्यात बसत नाही.

नायगावला उतरल्यावर पूल मागे राहिलेला असतो आणि ऊन डोक्यावर आलेले असते. परतीचे तिकीट पुन्हा पाच रुपये, म्हणजे दोन्ही मिळून प्लॅटफॉर्म तिकिटाइतकेच. फक्त परतताना भाईंदर सुटण्याआधीच दाराकडे सरकायला लागावे. जे बसून राहतात त्यांना पुढचे फोटो दहिसरला काढावे लागतात.