गोल शिक्का

पीएच.डी.ची फेलोशिप मिळण्याआधी सापडावी लागते. कागदोपत्री तिचे नाव अधिछात्रवृत्ती; हा शब्द जाहिरातीबाहेर कोणी उच्चारलेला नाही. जाहिरात संकेतस्थळावर लुकलुकणाऱ्या ‘नवीन’ या अक्षरांशेजारी असते. तिथेच तीन वर्षांपूर्वीची झेरॉक्स मशीनची निविदाही त्याच उत्साहाने लुकलुकते. मुदत पंधरा दिवसांची, त्यांतले नऊ गेलेले. नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळवलेल्यांचे बरे असते: जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये, पुढे 42,000. पण शिक्का त्यांनाही चुकलेला नाही.

शिक्के दोन. आडव्या शिक्क्यात सही करणाऱ्याचे पद असते, गोल शिक्क्यात कडेने संस्थेचे नाव आणि मध्ये गाव. बोनाफाईड, मार्गदर्शकाचे संमतिपत्र, दुसरी फेलोशिप घेत नसल्याचे हमीपत्र, सगळ्यांना गोलच लागतो. तो सहीला टेकलेला हवा, सहीवर चढलेला नको. फोटोवर अर्धा, कागदावर अर्धा. स्वसाक्षांकनाला केव्हाच मान्यता मिळाली, ही बातमी कार्यालयाच्या खिडकीपर्यंत अजून पोचायची आहे.

गोल शिक्का हेडक्लार्कच्या खणात राहतो. खणाला कुलूप, किल्ली हेडक्लार्ककडे आणि हेडक्लार्क मीटिंगला. मीटिंग सुटली की जेवणाची सुट्टी होते, ती संपली की जावक क्रमांक आधी आणायचा असतो आणि जावक रजिस्टर ज्या बाईंकडे आहे त्या मुलाच्या शाळेत गेलेल्या असतात. क्रमांक मिळतो तेव्हा पॅड कोरडा निघतो. शाई मागणीपत्राशिवाय येत नाही, म्हणून पॅडवर बाटलीतले दोन थेंब पाणी, मग शिक्का तोंडाशी धरून ‘हाऽ’ करून दिलेली वाफ, मग दोन्ही हातांनी दाब. उमटते ती अष्टमीची चंद्रकोर. पुन्हा मारावा तर ‘दुबार शिक्का’ हा आक्षेप, न मारावा तर ‘अपूर्ण’. हा कागद 200 केबीत बसवून अपलोड केला की चंद्रकोरीचा जांभळा डाग होतो आणि महिन्याभराने शेरा येतो: ‘त्रुटी – शिक्का अस्पष्ट’. तोवर 31 मार्च उलटतो आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते. तो पुन्हा काढायचा.

अर्जाला दहा पानांचा संशोधन प्रस्तावही जोडलेला असतो. कोरडवाहू जमिनीतला कर्ब जातो कुठे, हे शोधायला तिशीला आलेली मुलगी चार वर्षे द्यायला तयार असते. त्या दहा पानांवर कोणाची पेन्सिलचीही खूण नसते. शिक्का तपासायला तीन माणसे आणि प्रस्ताव वाचायला एकही नाही, याला छाननी म्हणतात! वर नोकरी करत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. फेलोशिपचा पहिला हप्ता वर्षभराने येणार, तोवर तासिका तत्त्वावर शिकवले तर अपात्र, न शिकवले तर मेसचे बिल थकलेले. ही अट लिहिणाऱ्याचा पगार एक तारखेला होतो.

निवड झाली की हजेरीपत्रक आणि प्रगती अहवाल ठरल्या वेळी पाठवायचे असतात. दोन्हींवर शिक्का गोल.

ज्यांची मुदत या आठवड्यात संपते त्यांनी उद्याच कार्यालय गाठावे. हेडक्लार्क गुरुवारपासून रजेवर आहेत, किल्लीसह.