परसातलं उत्खनन : नवसंशोधकांसाठी नियमावली

इयत्ता चौथीपर्यंतच्या सर्व संशोधकांना कळवण्यात येतं की, परसात किंवा सोसायटीच्या टाकीमागे गुप्तधन शोधताना पुढील नियम पाळावेत.

१. जागा : जाणकार लोक पांढरीचं टेकाड शोधतात. ते जवळपास नसल्यास गेल्या दिवाळीत जिथे किल्ला केला होता, ती जागा धरावी. तिथे एखादा मावळा हमखास गाडला गेलेला असतो. आजीच्या कुंड्या संरक्षित स्मारकं समजाव्यात.

२. पोशाख : खोक्याला तीन भोकं पाडली की चिलखत तयार. डोक्यावर पातेलं, हाती परातीची ढाल. १६५९ साली अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं. आपण वरूनच घालावं; आत घातलं तर शेजारच्यांना दिसणार कसं? उकिडवं बसलं की खोका हनुवटीला लागतो. अशा वेळी तो धाकट्या भावाला सांभाळायला द्यावा.

३. खोदकाम : पहार घालतो तो चोर, उलथन्याने माती खरवडतो तो पुरातत्त्वज्ञ. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, हे विसरू नये. वर फुलबाज्यांच्या तारा आणि त्याखाली भाला मोडलेला, रंग उडालेला मावळा निघाला, तर ‘फटाके उडण्यापूर्वीच धारातीर्थी पडला’ अशी वहीत नोंद करावी.

४. ऐवज : “सोनं कुठाय?” असं मोठी माणसं विचारणारच. त्यांना इनामगाव सांगावं. घोडनदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि खापरं, चुली, जळकं धान्य यांवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा संसार उभा केला. उलट प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस असा साठ किलोंहून जड ऐवज मिळाला, तो झाडाचं मूळ उकरणाऱ्या गावकऱ्याला! तेव्हा घबाड हवं असेल त्याने बागकाम करावं; संशोधकाने कपांचे तुटके कान जमवावेत.

५. कायदा : १८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहाचं एकच नाणं निघालं तर भेळ खावी. शेजारी आणखी रुपया निघाला, तर मुकाट्याने अर्ज लिहायला बसावं.

६. समारोप : काम संपल्यावर खड्डा बुजवावा. तळाशी चालू सालचं नाणं टाकून ठेवावं, म्हणजे पुढच्या सुट्टीत खोदणाऱ्याला काळ ठरवणं सोपं जातं. उलथनं मात्र आधी मोजून बाहेर काढावं. ते राहिलं, तर पुढचं उत्खनन आई हाती घेईल आणि ती थरबीर पाहणार नाही.