सध्या फक्त बघून ठेवतोय

लॅपटॉपच्या बाबतीत नारायण पेठेत माणसांचे दोन प्रकार आहेत असं म्हणता येत नाही, कारण लॅपटॉप घेणारी मंडळी तो पाठीवरच्या बॅगेत टाकून केव्हाच बाणेर-बालेवाडीला राहायला गेली. पेठेत उरले ते बघून ठेवणारे. ते तुम्हाला ठाऊकच आहेत. बँकेतून, वीज मंडळातून किंवा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, पत्र्या मारुतीपासून केळकर रस्त्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचे गृहस्थ. हॉलच्या कोपऱ्यात सरकत्या खणाचं कॉम्प्युटर टेबल, त्यावर 2012 च्या आसपास असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आणि मॉनिटरवर जुन्या पडद्यातून बेतलेलं आवरण. हा डेस्कटॉप काढून लॅपटॉप घ्यायचा असं यांनी ठरवलं त्याला बरीच वर्षं झाली. बजेट चाळीस हजार. अधूनमधून ते तपकीर गल्लीत जातात, दुकानदाराकडून सहा मॉडेलं उघडून घेतात, बिजागरी कुरकुरते का ते कान लावून ऐकतात, आणि पाकिटाच्या खिशातून वही काढतात. वहीत रकाने आखलेले असतात: प्रोसेसर, रॅम, वजन, वॉरंटी, आणि शेवटी 'शेरा'. दुकानदार विचारतो, "पॅक करू का काका?" काका वही मिटतात. "छे छे, सध्या फक्त बघून ठेवतोय."

या वृत्तीला लोक सरळ चिक्कूपणा म्हणतात. मला हे निदान पटत नाही, कारण पुरावा उलट आहे. हेच गृहस्थ पाडव्याच्या सुमारास हापूसची पहिली पेटी भाव न विचारता घरी आणतात, आणि डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं सगळ्या दिवसांचं तिकीट काढून बसतात. पैसे सोडवत नाहीत असा हा माणूस नव्हे. दुसरं निदान त्यांच्या सुना करतात: बाबांना नव्या तंत्राची भीती वाटते. हेही टिकत नाही. डेस्कटॉप सुरू होईना म्हणजे यांच्या अंगात जो उत्साह संचारतो तो पाहायला हवा. झाकण उघडून रॅमची पट्टी बाहेर येते, तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबराने पुसली जाते, पट्टी परत खटकन बसते आणि यंत्र बीप करतं. तारीख मागे गेली की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा, एसएमपीएस गेला की नवा बसवायचा, हार्ड डिस्क रेंगाळायला लागली की एसएसडी घालायची, हे सगळं ते स्वतः करतात. भिणारा माणूस यंत्राच्या पोटात हात घालत नाही.

तरीही लॅपटॉप घरात येत नाही. त्यांचं अधिकृत कारण असं की भाव उतरणार आहेत. मुळात या समजुतीला शास्त्राचा आधार आहे. गॉर्डन मूरने 1965 साली चिपवरच्या घटकांची संख्या ठरावीक काळात दुप्पट होत जाईल असा अंदाज बांधला आणि पुढची कित्येक दशकं तो खरा होत गेला. त्याच पैशांत उद्या जास्त मिळणार असेल तर आज घेणारा मूर्ख, हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. फक्त त्याचा शेवट कधीच न घेण्यात होतो, आणि तो यांना मान्य असावा. मधल्या काळात जगाने त्यांना हरप्रकारे परीक्षेत घातलं. 3 ऑगस्ट 2023 रोजी सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं जाहीर केलं, तेव्हा सगळे दुकानांकडे धावले. हे गेले नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी तो निर्णय पुढे ढकलला गेला! त्या एका दिवसाच्या विजयावर त्यांनी पुढची दोन वर्षं काढली. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलणार म्हणून ते पुन्हा थांबले. एसी, मोठे टीव्ही, भांडी धुण्याची यंत्रं 28 टक्क्यांवरून 18 वर आली. लॅपटॉप आधीच 18 वर होता, तो तिथेच राहिला. मग वर्ष संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा गिळायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. क्रुशिअल नावाने किरकोळीत विकली जाणारी रॅम बंद करत असल्याचं मायक्रॉनने डिसेंबरात जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. 2011 च्या सुरुवातीला तो पंचेचाळीसच्या आसपास होता. म्हणजे यांनी भाव उतरण्याची वाट बघितली आणि डॉलर दुप्पट झालेला बघितला. वहीच्या त्या पानावरचा शेरा: "बघून ठेवलं. घाई नको."

यावर कुणी म्हणेल, वीज तरी वाचली असती. इथे मात्र या गृहस्थांशी हुज्जत घालू नये, कारण हिशेब त्यांनी करून ठेवलेला असतो आणि तो बरोबर असतो. मॉनिटर धरून डेस्कटॉप 100 वॅट खातो आणि रोज पाच तास चालतो असं समजा. महिन्याला 15 युनिट झाले. लॅपटॉपचे 30 वॅटने साडेचार. वाचले साडेदहा. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला 105 आणि वर्षाला 1,260 रुपये. चाळीस हजार वसूल व्हायला जवळजवळ 32 वर्षं लागतील, आणि पासष्टीच्या माणसाचं वय तोवर 97 होईल. लॅपटॉपची बॅटरी त्याआधी किती वेळा बदलावी लागेल, हे ते तुम्हालाच विचारतात. यूपीएसचं म्हणाल तर त्याच्या बॅटरीचा खर्च आहे खरा. पण 2006 साली पुण्याला भारनियमनातून सोडवणारं 'पुणे मॉडेल' आलं त्याच्याही आधीपासून त्यांच्या घरी यूपीएस आहे, आणि घरच्या माणसाला काढून टाकतात का? उरला मुद्दा सुटसुटीतपणाचा: लॅपटॉप कुठेही नेता येतो. पण कुठे? यांचं जग एका बाजूला अप्पा बळवंत चौक आणि दुसऱ्या बाजूला भिडे पूल एवढं आहे, आणि पावसाळ्यात मुठेला पाणी सोडलं की पूलही बंद. फार तर 12 जुलै 1961 सारखा पूर पुन्हा आला तर यंत्र उचलून माळ्यावर नेता येईल. हा फायदा त्यांनी वहीत प्रामाणिकपणे नोंदवलेला आहे.

एवढं वाचून या माणसाचा राग येत असेल तर थोडा शिल्लक ठेवा, त्याला दुसरा धनी आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित साथ सोडली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2012 चा डेस्कटॉप नापास. त्यात बिघाड काहीच नाही. रॅम पुसलेली आहे, एसएसडी नवी आहे, काल रात्री मंडळाचा जमाखर्च त्यावर पैपर्यंत जुळला. यंत्र चालू असताना त्याला मृत ठरवायचं आणि वर सुरक्षेची काळजी सांगायची, हा प्रकार नारायण पेठेतल्या कुठल्याही घरमालकाला भाडेकरूशी जमला नाही. चालत्या यंत्रांचा असा ढीग घालायला जगभरची माणसं मुकाट्याने तयार झाली. या गृहस्थांनी कंपनीचं पत्रक चाळलं आणि त्यांना सापडलं की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज जतन केल्या तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची अपडेटं फुकट मिळतात, नाहीतर तीस डॉलर. त्यांनी फुकटचा मार्ग धरला. बघून ठेवायला खुद्द बिल गेट्सच्या कंपनीने एक वर्ष वाढवून दिलं, असं ते कट्ट्यावर सांगतात. हसायला ठीक आहे, पण विचार केला तर या सगळ्या व्यवहारात यंत्राला 'तू काम करतोस का?' एवढा एकच प्रश्न विचारणारे तेच.

मग नूतनीकरण केलेला का घेत नाहीत? हिंजवडीच्या कंपन्यांतून तीन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेले दणकट लॅपटॉप त्यांच्या बजेटच्या निम्म्यात येतात. हेही त्यांनी बघून ठेवलंय. वहीतली त्यांची पानं चाळली तर शेऱ्याच्या रकान्यात एकच आक्षेप पुन्हा पुन्हा दिसतो: 'आकड्यांचा पॅड नाही.' चौदा इंची लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतात. एवढ्याशा कारणासाठी अर्ध्या किमतीचं यंत्र नाकारणारा माणूस विक्षिप्तच वाटतो, आणि बहुतेक लोक इथेच हसून निघून जातात. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. यांना आकड्यांच्या कळा हिशेबासाठी नको असतात. त्या लागतात जोडाक्षरांसाठी.

नारायण पेठ ही छापखान्यांची आणि प्रकाशकांची पेठ. केसरीवाडा इथलाच, देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील यात खुद्द टिळकांनी डोकं घातलं होतं. खिळे गेले आणि डीटीपी आलं, तेव्हा गल्लोगल्ली पेजमेकर आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी सुरू झालं. आपल्या गृहस्थांनी नोकरीत असतानाच ते शिकून घेतलं, कारण घराण्याचा कुलवृत्तांत निघायचा होता. त्या काळातले फॉन्ट युनिकोडचे नव्हेत. काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे टाकल्याशिवाय उमटत नाहीत, आणि ते आकडे त्यांच्या बोटांत बसलेले आहेत. सॉफ्टवेअर चालायला मागे डोंगल लावावं लागतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. आणि ती फाईल फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली तर पणजोबांच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस दिसतात. चाळीस हजारांत लॅपटॉप येतो हो, पण त्यात हे येत नाही, आणि हे आणायला किती लागतील ते कुठल्याच दुकानाच्या कोटेशनवर लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या खर्चाला आकडा नाही त्याच्या धास्तीने हा माणूस ज्याला आकडा आहे त्याची बेरीज-वजाबाकी करत बसलेला आहे. चाळीस हजार हे बजेट नव्हेच. तो मुदत मागण्याचा अर्ज आहे.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत की, असा आक्षेप येईल. आहेत, आणि कामचलाऊ आहेत. पण मजकूर पलटला की रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी घर बदलते, आणि वंशावळीत एका चुकीच्या वेलांटीने काकू बदलू शकते. शेकडो पानं डोळ्यांखालून घालावी लागतात. हे काम एकट्याचं नव्हे, दोघांचं आहे: एकाने जुनी छापील प्रत वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. दुसरा माणूस सनीव्हेलला असतो. तो दर दोन वर्षांनी येतो आणि "बाबा, मी पाठवतो ना लॅपटॉप" म्हणून परत जातो. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या पिढीच्या नोंदी अजून 'अमेरिकेत, विवाहित, अपत्ये' इथपर्यंतच आल्या आहेत, कारण माहिती पाठवा म्हणून केलेल्या मेलला उत्तर द्यायला चुलत भावंडांना सवड होत नाही. बाहेर सगळा गोतावळा पांगला तरी त्या जुन्या डेस्कटॉपवर तो अजून एका फाईलमध्ये, ओळीने, वयाच्या क्रमाने बसलेला आहे. ते यंत्र बंद करायला ज्याचा हात कचरतो त्याच्याबद्दल मला, वहीसकट, आदर वाटतो. बिजागरीला कान लावण्याची सवय सोडून.

तेव्हा तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल तर वाढदिवसाला लॅपटॉप भेट देऊ नका. तो खोक्यातच राहील आणि वॉरंटी संपेल. आधी दोन रविवार काढून त्यांच्या शेजारी बसा. जुन्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मजकूर युनिकोडमध्ये पलटा आणि छापील प्रत मोठ्याने वाचत जा. पडद्यावरच्या चुका ते स्वतः पकडतील, त्या कामात ते तुमच्यापेक्षा पक्के आहेत. मग खरेदीला जा: पंधरा इंची, आकड्यांच्या कळा असलेला, 16 जीबी रॅमचा, आणि रॅमची पट्टी काढता-घालता येणारा. रॅम मदरबोर्डवर डाकलेली असेल तर ती खोडरबराने पुसता येत नाही, आणि तो लॅपटॉप ते घेणार नाहीत.