एक कॉट, एक कप्पा, पाणी सकाळी सहाला

प्रवेशाच्या यादीत नाव आलं, गावात पेढे वाटून झाले, आता मुंबईत अंग टेकायला जागा हवी. नवशिक्याने सर्वप्रथम एक वही घ्यावी, पहिल्या पानावर आपलं बजेट लिहावं आणि ते पान फाडून टाकावं. असं बजेट शासनानेही एकदा लिहून ठेवलेलं आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये मंजूर होतात. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वयंम् योजनेतही हाच हिशोब. निवासाच्या रकमेला बाराने भागलं की महिन्याला १,६६६ रुपये ६७ पैसे येतात. ज्या अधिकाऱ्याने हा आकडा काढला त्याच्या ओळखीत अंधेरीची एखादी प्रेमळ काकू असणार. जीआरला तिचा नंबर जोडायचा तेवढा राहून गेला. अर्ज मात्र न चुकता करावा. पैसे कधीही आले तरी ते आपलेच.

यानंतर भूगोल. शाळेत शिकलेला विसरावा आणि एजंटाचा शिकावा. एजंटाच्या नकाशात मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरतं आणि खाडीपलीकडे ऐरोलीलाही टेकतं. बोरिवली दहिसर गिळून मीरा रोडपर्यंत जाते. अंधेरीला तर हद्दच नाही. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे अंतर संध्याकाळी साडेसहाला स्वतः चालून मोजावं. रिक्षाने मोजायचं तर मीटरवर नजर ठेवावी: पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये पडतात, त्यापुढे आकडा सरकला की एजंटाची पाच मिनिटं केव्हाच संपलेली असतात. जागा शक्यतो भर पावसात पाहावी. पाऊस जोराचा झाला की अंधेरीचा सबवे तुंबतो आणि पूर्व-पश्चिम ही दोन निरनिराळी गावं होतात. कॉलेज एका गावात आणि कॉट दुसऱ्या गावात, हे जुलैत कळण्यापेक्षा जूनमध्ये कळलेलं बरं. पावसात भिंतीची ओलही दिसते. उन्हाळ्यात ती कॅलेंडरमागे असते.

कॉलेज अंधेरीत आहे म्हणून अंधेरीतच राहायला हवं असं काही नाही. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरची पोरं अंधेरीच्या कॉलेजात वेळेवर दिसायला लागली. त्याआधी ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याला उभं राहून त्यांचा पहिला तास होत असे. मुलुंडच्या मुलानेही घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी. बोरिवलीकराने बोरिवलीहून सुटणारी लोकलच पकडावी. विरारहून भरून आलेल्या गाडीत अंधेरीला उतरण्यासाठी चढणाऱ्याचं तिथे काय होतं, हे मार्गदर्शिकेत छापण्यासारखं नाही.

एजंट तीन जागा दाखवतो. पहिली इतकी भिकार असते की तिथे आपली आईच काय, मांजरही राहणार नाही. दुसरी झकास, पण भाडं ऐकून वडिलांना खुर्ची शोधावी लागते. मग तो उसासा टाकतो, कुणाला तरी फोन लावल्यासारखं करतो आणि म्हणतो, “एक आहे, पण आज रात्री जाईल.” ही तिसरी जागा त्याला सकाळीच द्यायची होती. एक भाडं दलाली आणि डिपॉझिट इथेच ठरतं. मोबाइलवर जाहिरात पाहून जागा शोधणाऱ्यांना आणखी एक इसम भेटेल. तो फौजेत असतो, त्याची नुकतीच बदली झालेली असते, ओळखपत्राचा फोटो तो न मागता पाठवतो आणि ‘टोकन’साठी क्यूआर कोड धाडतो. देशाबद्दलचा आदर मनात ठेवून त्याचा नंबर ब्लॉक करावा.

आता मुख्य परीक्षा. जागा आपण पाहायला जातो हा गैरसमज दाराबाहेर चपलांपाशी ठेवावा. आत आपल्याला पाहण्याचा कार्यक्रम असतो. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आसपासचा वन बीएचके डोळ्यांसमोर आणावा. हॉलमध्ये तीन कॉट, बेडरूममध्ये काकू.

“गाव कुठलं?”

“विटा, काकू.”

“म्हणजे सांगलीकडचे. आडनाव काय म्हणालात?”

आडनाव एकदा सांगून झालेलं असतं. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे ऐकू आलं नाही, असं समजू नये.

“नॉनव्हेज?”

इथे वडील टेबलाखालून पाय दाबतात. “बाहेर खाईन, काकू.”

“अंडं चालेल. उकडून. भुर्जी नको, वास राहतो. मित्र?”

“नाहीत, काकू.”

हे उत्तर ऐकून काकूंचा चेहरा पहिल्यांदा उजळतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये याच मुलुंडात एका मराठी बाईंना त्या मराठी आहेत म्हणून ऑफिसला जागा नाकारल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. पुढाऱ्यांनी निषेध केले, संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण मराठी काकूंच्या हॉलमध्येही पोरांची आडनावं रोज चाळणीतून जातात. तिथे कोणी मोबाइल वर धरत नाही, कारण नकार असा मिळतच नाही. “कळवते हं” म्हणतात आणि सोबत चहाही देतात. चहाबरोबर बिस्कीट आलं नाही तर एजंटाला पुढची जागा विचारावी.

पास झालात तर नक्की काय पदरात पडलं ते नीट पाहून घ्यावं. एक लोखंडी कॉट. तिच्याखाली काकूंच्या लेकीच्या लग्नातल्या पितळी भांड्यांची ट्रंक, जी हलवायची नाही. लेकीला मूल होऊन ते शाळेत जायला लागलं तरी नाही. कपाटातला एक कप्पा, त्यात निम्म्या जागेत गणपतीचं मखर. पंखा तीनवर अडकलेला. तो चारवर नेण्याचा प्रयत्न आधीच्या मुलाने केला होता, तेव्हापासून तीनवर. नवशिका वायफाय विचारतो. जाणता माणूस पाणी विचारतो. नळाला पाणी सकाळी सहा ते सव्वासात, आणि घरात काकू धरून चार माणसं. आंघोळीचा क्रम कुठे लिहिलेला नसतो, पण पाळीतून एकदा निसटलं की थेट उद्या. बादली स्वतःची आणावी, तिच्यावर नेलपॉलिशने नाव घालावं. खडूने घातलेलं नाव पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याचं होतं.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. कायदा उत्तम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलाच नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं छातीठोक सांगणारे शेकड्याने भेटतात. महाराष्ट्रात तरी ते चूक आहेत. सोसायटीच्या उपविधींचंही तसंच. फ्लॅट भाड्याने देताना संस्थेची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवावं लागतं, आणि मालक स्वतः राहत नसल्याचं बिनभोगवटा शुल्क २००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही. तरी लिफ्टशेजारच्या फळ्यावर ‘बॅचलर्सना फ्लॅट देऊ नयेत’ ही सूचना सेक्रेटरींच्या सहीने लागलेली असतेच.

चार मुलं मिळून अख्खा फ्लॅट घेणार असाल तर हे सगळं पाठ करून जावं, करार नोंदवून घ्यावा, भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवली की नाही ते पाहावं, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढावेत. जाताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला निघालेला मालक त्या फोटोंपुढे जरा मवाळ होतो. कॉटवाल्याने मात्र कलम ५५ मनातल्या मनात म्हणावं. त्याच्याकडे करार नसतोच, कारण तो भाडेकरू नसतो. तो काकूंचा भाचा असतो. वॉचमनने विचारलं तर भाचा, सेक्रेटरी जिन्यात भेटले तर भाचा. काकूंना बहीण नाही हे वॉचमनला ठाऊक असतं, पण दिवाळीचं पाकीट त्याला भाच्यांकडूनच मिळतं.

इथवर वाचून ज्याचा धीर सुटला असेल त्याने पुढचं वाचावं. खरं तर हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण मग वरचं कोणी वाचलं नसतं. परवडणारी कॉट बाजारात येतच नाही. एजंटाकडे येते ती जी कोणालाच नको होती. चांगली कॉट एकाकडून दुसऱ्याकडे फोनवर जाते. मे महिन्यात शेवटचा पेपर देऊन निघणारा मुलगा आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या किंवा आधीच्या कॉलेजातल्या पोराला सांगतो, “माझी रिकामी होतेय, काकूंशी बोललोय.” मुंबईत हे नवीन नाही. लालबाग-परळला कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची. गिरणीत दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर रातपाळीहून आलेला झोपायचा, आणि गावाकडून नवा पोरगा आला की त्याचं अंथरूण कुठे पडणार ते खोलीतल्या वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असे. जेवायला खाणावळीवाल्या मावशी असत. अशाच मावशींना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले, पण ती रीत उपनगरात येऊन पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टिकून राहिली आहे.

तेव्हा नवशिक्याने एजंट शोधू नये, निघणारा माणूस शोधावा. गावाकडच्या मास्तरांना विचारावं, दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेलेला कोण ते काढावं, आणि निकालाची वाट न पाहता एप्रिलातच फोन करावा. जूनमध्ये फोन केला तर त्या कॉटवर कोल्हापूरचा मुलगा झोपलेला असतो. फोनवर भाडं शेवटी विचारावं. आधी काकूंचा स्वभाव, पाण्याची वेळ आणि शेजारच्या कॉटवरचा घोरतो का, ते विचारावं.

अशी कॉट मिळाली की तिच्यासोबत इतरही काही येतं: दोन पायांवर उभं राहणारं टेबल, पहिल्या वर्षाच्या गणिताच्या नोट्स, बिनझाकणाचा कुकर आणि डबेवाल्या ताईंची उधारी. ही उधारी तीनशेच्या आसपास असते आणि ती कॉटच्या नावावर असते, माणसाच्या नाही. पहिल्या दिवशी देऊन टाकावी. नाहीतर डब्यात पोळ्या चारच्या जागी तीन येतात, आणि ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, “मोजून भरल्यात, दादा.”