एक तास चाळीस मिनिटांचा महाराष्ट्र

गोंदियाचा बिरसी विमानतळ ते सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ, अंतर किती? मोबाइलला विचारा. सरळ रेषेत सुमारे ९४० किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ एक तास चाळीस मिनिटं. हिशेब सोपा असतो. अंतराला ताशी आठशेच्या वेगानं भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा. गणित बिनचूक आहे. त्यात फक्त विमान नाही.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी बांधलेली. पुढे गोंदियाचे प्रफुल्ल पटेल विमान वाहतूक मंत्री झाले, विमानतळाचं रूप पालटलं, वैमानिक घडवणारी संस्था आली. नियमित प्रवासी विमान यायला मात्र २०२२ उजाडलं. म्हणजे गोंदियानं विमान चालवणारे आधी तयार केले, बसणारे नंतर.

चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे हे राजकीय वैरी एकाच मंचावर होते. त्या दिवशी मोजण्यासारखं अंतर विमानतळांमधलं नव्हतंच, दोन खुर्च्यांमधलं होतं. मुंबईचं विमान सुरू झालं ते 'उडान' योजनेतून. या योजनेत कंपनीची तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं भरली आणि ते विमान बंद पडलं. सरकारी कामात इतका वक्तशीरपणा क्वचितच दिसतो!

मग गोंदियाच्या माणसानं मालवणला उडत जायचंच म्हटलं तर? गोंदियाहून हैदराबादला विमान पुन्हा सुरू झालं २०२३ च्या डिसेंबरात, चिपीहून हैदराबादला २०२४ मध्ये. त्यामुळे महाराष्ट्राच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला जायचा हवाई रस्ता निघाला तो तेलंगणातून. २०१७ साली 'उडान'च्या पहिल्याच दिवशी नांदेडहून जे विमान सुटलं, तेही हैदराबादलाच. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या तावडीतून सुटला म्हणतात; विमानानं जायचं तर हजेरी अजून तिथेच!

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं एक विमान जातं. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत-बाहेर. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आसपास, तरी १९६७ पासून ही सेवा चालू आहे. खर्चाला तिथेही सरकारी टेकू लागतो, पण तीन वर्षं झाली म्हणून कुणी तो काढून घेत नाही. आपल्याकडे शंभर मतदारांसाठी कुणी टेम्पोसुद्धा पाठवणार नाही, निवडणुकीचा दिवस सोडून.

आपल्याकडचंही एक छोटं अंतर घ्या: चिपी ते गोव्यातला मोपा विमानतळ हे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही. मोबाइल त्याचाही उड्डाणवेळ सांगेल. सिंधुदुर्गातला माणूस असल्या भानगडीत पडत नाही. आपल्या जिल्ह्यातला विमानतळ मागे टाकून, सरळ गाडी काढून तो मोपाला जातो आणि तिथून उडतो.

गोंदियाच्या वाचकांना एवढंच सांगणं: मालवणचे मासे खायचे असतील तर महाराष्ट्र एक्स्प्रेसचं कोल्हापूरपर्यंतचं तिकीट काढून ठेवा. एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात, पुढे घाट उतरायला एसटी आहे. पण ही आगगाडी रोज सुटते.