आप्पांचा दस्ता

आप्पांना तब्येतीचं कुणी विचारत नाही. भडगावात सकाळी टपरीवर आप्पा दिसले, की पहिला प्रश्न असतो, "आप्पा, दस्त्याचं काय झालं?" आणि आप्पांचं उत्तर कित्येक वर्षं तेच आहे. "लाकूड बघतोय."

त्यांच्या घरात बाराबोरची एक दुनळी आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आप्पांकडे, रीतसर परवान्यासकट आलेली. तिचा दस्ता मुठीत धरतो त्या बारीक जागी तडकला. हे कसं झालं ते आप्पांच्या तोंडून ऐकाल, तर त्यात काळोख आहे, केळीची बाग आहे आणि बिबट्याही आहे. घरातल्या जिजींच्या तोंडून ऐकाल, तर दसऱ्याच्या पूजेला बंदूक पाटावर टेकवली होती, ती घसरली. आप्पांनी तेव्हा तात्पुरती म्हणून सुतळी गुंडाळली. ती सुतळी आता काळी पडून चकाकते.

बंदूक मुळात कुणाची, यावर आप्पांचं मत ठाम आहे. 1825 साली खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा तो औट्रम साहेब, त्याने ती पणजोबांना बक्षीस दिली. मी एकदा हळूच सांगून पाहिलं, की औट्रम 1863 ला वारला आणि घोडे आत दडवलेली ही असली बंदूक बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी काढली 1875 मध्ये. शिवाय नळीवर मुकुट आणि त्याखाली 'एनपी' असा ठसा आहे. तो बर्मिंगहॅममध्ये नव्या दारूने नळी तपासल्याचा, 1904 नंतरचा. आप्पा ठशावर अंगठा फिरवत म्हणाले, "एन म्हणजे आजोबांचं नाव. पी म्हणजे पाटील. मुकुट उगीच देतात का?" यावर काय बोलणार?

लाकडाबद्दल मात्र आप्पांना खरंच कळतं, हे कबूल केलं पाहिजे. बाभूळ गाडीच्या आसाला ठीक, दस्त्याला जड. साग हलका, पण धक्क्याने चिरतो. उत्तम अक्रोड, नाहीतर शिसव. आणि तीही अशी कापलेली, की मुठीच्या जागी रेषा सरळ धावली पाहिजे, आडवी गेली की तिथेच मोडणार. दस्ता लोखंडाला कसा बसवतात, हे ते टपरीवर हातवारे करून दाखवतात. लोखंडी भागाला दिव्याची काजळी धरायची, तो लाकडाच्या खाचेत दाबून काढायचा, आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. खाचेत सगळीकडे सारखा काळा रंग उतरेपर्यंत. एका जागी जरी उंचवटा राहिला, तरी बाराचा सगळा धक्का तिथेच बसतो आणि नवा दस्ताही फुटतो. हे सांगताना आप्पांचा चहा निवतो.

गल्लीतल्या सुतारभाऊंनी एकदा फेविकॉल सुचवला होता. "हाई काय खाटनं लाकूड शे का?" म्हणून आप्पा त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. (आप्पांचं बरोबरच होतं: जुन्या दस्त्यात तेल इतकं मुरलेलं असतं, की सरस धरतच नाही.) ते तेल आप्पांनीच मुरवलेलं. मोडक्या दस्त्याला ते अजूनही जवसाचं तेल अंगठ्याने चोळतात, नातवाला चोळलं नसेल इतकं.

2017 च्या अखेरीला शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली. वनखात्याला बाहेरून नेमबाज बोलवावे लागले. गाव धास्तावलेलं आणि आप्पा ओट्यावर तळमळत: "दस्ता धड असता ना भो..." शेवटचं काडतूस आप्पांनी कधी उडवलं, हे जिजींनाही आठवत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली तेव्हा आप्पा शाळेत होते.

त्यानंतर आप्पांनी शिसवीची एक फळी आणून माळ्यावर वाळत घातली. लाकूड घाई सहन करत नाही, म्हणे. सूनबाईंना ते ठाऊक नव्हतं. ती फळी सध्या फ्रिजखाली आहे.

शेवटी मीच त्यांना परवानाधारक कारागिराकडे शहरात घेऊन गेलो. बंदूक गवसणीत, परवाना छातीशी. म्हातारा कारागीर एक शब्द न बोलता कामाला लागला. बंदूक रिकामी आहे ना, ते आधी पाहिलं. मग दस्त्याचं बूड आप्पांच्या कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि बोट चापाकडे न्यायला लावलं. बोट पोचेना.

"दीड इंच लांब आहे. हा उंच माणसाच्या मापाचा," कारागीर म्हणाला. "नवा तुमच्या मापाचा करतो. तीन आठवडे. परवान्याची चिंता नको, नोंद नंबराची असते आणि नंबर लोखंडावर आहे."

आप्पांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्यांनी ती सुतळी चाचपली. "माझ्या मापाचा केला, तर ती आजोबांची कशी राहील?" असं म्हणून त्यांनी गवसणीची नाडी बांधली. परतीच्या एसटीत ते खुशीत होते. कारागिराकडचं अक्रोड कच्चं होतं, हे त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं.

आता बंदूक घराबाहेर पडते ती निवडणुकीत, ठाण्यात जमा करायला. 2024 साली आधी लोकसभा, मग विधानसभा, अशी दोनदा पडली. विधानसभेच्या वेळी हवालदारांनी पावतीवर वर्णन लिहिलं: 'दुनळी एक, दस्ता तुटका, सुतळी बांधलेली.' आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि पावती परत सरकवली.

"तुटका नको. 'काम चालू' लिहा."

हवालदारांनी लिहिलं. बंदूक परत घेताना पावती द्यावी लागते, म्हणून आप्पांनी आधीच तिची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून घेतली. ती आता देव्हाऱ्याशेजारी आहे.