किती टाके?

डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला आणि गावात डॉक्टरांच्या बरोबरीनं आणखी एक जमात वाढली: पेशंटला भेटायला जाणाऱ्यांची. अण्णा त्या जमातीचे मुकादम. पिशवीत दोन मोसंबी आणि तोंडात एकच प्रश्न, "किती टाके?" आजार कुठला, हे गौण. पाच टाके म्हणजे खरचटलं. बारा पडले तर माणूस विचारपूस करण्यालायक. विसाच्या वर गेला, की अण्णा खुर्ची ओढून बसतात. स्वतःच्या अपेंडिक्सचे नऊ टाके ते सदरा वर करून अथणीच्या पाहुण्यांनाही दाखवतात.

अशा माणसाच्या सख्ख्या पुतण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि कातडीवर टाका नाही! नुसता जांभळट, चकचकीत पापुद्रा.

"ग्लू लावलाय," सिस्टर म्हणाल्या.

"सतारीचा भोपळा जोडलाय व्हय, चिकटवायला?" अण्णा सतारमेकर गल्लीच्या शेजारी वाढलेले. सरस त्यांना ठाऊक.

डॉक्टर वयानं लहान, त्यामुळं समजावण्याची हौस दांडगी. १९४२ साली कोडॅकमध्ये हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोअ‍ॅक्रिलेट हाती आलं, पण ते दिसेल त्याला चिकटायचं, म्हणून बाजूला टाकलं. पुढं व्हिएतनाममध्ये रक्त थांबवायला तेच जखमांवर फवारलं. कातडीवरच्या ओलाव्यानंच ते घट्ट होतं आणि आठवड्याभरात आपोआप गळून पडतं.

"म्हंजे फेवीक्विकच की!"

"कूळ तेच, पण ते जखमेला लावू नका," डॉक्टर घाईनं म्हणाले. "त्याचे रेणू आखूड. ते तापतं, त्याचं लवकर विघटन होतं, त्यातनं निघणारी द्रव्यं मांसाला जाचतात. औषधी ग्लूची साखळी लांब, म्हणून तो लवचीक राहतो." अण्णांचा हात खिशातल्या ट्यूबकडं गेला आणि गुपचूप खाली आला.

खरं दुःख वेगळंच होतं. "आठवड्यानं पापुद्रा गेला, की भेटायला येणाऱ्यानं बघायचं काय?"

"अण्णा, आत टाके आहेत. ताण असतो तिथं ग्लू पुरत नाही. आतले थर विरघळणाऱ्या दोऱ्यानं शिवलेत."

अण्णांनी खुर्ची ओढली. "किती?"

"मोजले नाहीत हो."

"अंदाजे?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडं गेले. संध्याकाळपर्यंत बातमी अथणीला पोचली होती: तेवीस, आणि तेही आतून.